पीएच.डी.च्या मधले तीन महिने: ब्रिटनमधील विज्ञान-संशोधक विद्यार्थ्यांनी प्लेसमेंट कशी मिळवावी

ब्रिटनमधील एखाद्या विद्यापीठात जीवशास्त्राच्या पीएच.डी.साठी निधीसह प्रवेश मिळाला की विद्यार्थ्याच्या हाती एक नियमपुस्तिका येते. चार वर्षांपैकी तीन महिने प्रयोगशाळेबाहेर, आणि आपल्या प्रबंधाच्या विषयाशी संबंध नसलेल्या कामात घालवणे बंधनकारक आहे, असे एक वाक्य तिच्यात कुठेतरी असते. या तीन महिन्यांच्या कामालाच इथे ‘प्लेसमेंट’ म्हटले आहे. पहिल्या वर्षी त्या वाक्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर कार्यालयाकडून आठवण करून देणारी ईमेल येते, मग धावपळ सुरू होते आणि मिळेल ती जागा पदरात पाडून घेतली जाते. ही धावपळ टाळता यावी, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

जीवविज्ञान आणि जैवतंत्रज्ञान यांतील संशोधनाला सार्वजनिक पैसा पुरवणारी बीबीएसआरसी ही तिथली संस्था आता यूकेआरआय (यूके रिसर्च अँड इनोव्हेशन) या संशोधन-निधी संस्थांच्या मोठ्या छत्राखाली आहे. तिने २०१२ पासून ‘डॉक्टोरल ट्रेनिंग पार्टनरशिप’ या नावाने विद्यापीठांच्या गटांना पीएच.डी.साठी एकत्रित निधी देण्यास सुरुवात केली आणि त्याबरोबरच तीन महिन्यांच्या प्लेसमेंटची अट घातली. ‘प्रोफेशनल इंटर्नशिप्स फॉर पीएच.डी. स्टुडंट्स’ या लांबलचक नावाऐवजी सगळे जण तिला ‘पिप्स’ म्हणतात. अलीकडच्या फेऱ्यांत या निधी-योजनांची नावे आणि काही नियम बदलले आहेत. म्हणून वरच्या वर्गातील मित्राच्या सांगण्यावर विसंबून न राहता आपल्या तुकडीला लागू असलेली पुस्तिकाच उघडून पाहावी. मराठी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, २०२१ पूर्वी यूकेआरआयचे पूर्ण विद्यावेतन बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नसे. त्या वर्षापासून ते खुले झाले आणि प्रत्येक तुकडीत परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत ठेवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे पुण्या-मुंबईहून, नागपूरहून किंवा गोव्याहून थेट गेलेले विद्यार्थीही आता या अटीच्या कक्षेत येतात.

ही अट का घातली गेली, हे समजण्यासाठी रॉयल सोसायटीने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालातील आकडे पुरेसे आहेत. ब्रिटनमध्ये विज्ञानात पीएच.डी. झालेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के लोक पदवीनंतर लगेचच विज्ञानाबाहेरच्या व्यवसायांत जातात, विद्यापीठात कायमस्वरूपी संशोधकाची जागा सुमारे साडेतीन टक्क्यांना मिळते आणि प्राध्यापकपदापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते, असे त्या अहवालात दाखवले होते. सार्वजनिक पैशातून घडलेल्या या बहुसंख्य लोकांना प्रयोगशाळेबाहेर काम कसे चालते याची थोडी तरी ओळख पीएच.डी. चालू असतानाच व्हावी, असा त्यामागचा हिशेब आहे.

महाराष्ट्रात शाळेत ‘कार्यानुभव’ नावाचा विषय असे, त्यात आपण कागदी पिशव्या आणि मेणबत्त्या केल्या, आणि त्या तासाला कोणी गंभीरपणे घेत नसे. प्लेसमेंटकडे त्याच नजरेने पाहणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांचे नुकसान झाले ते मुख्यतः एका सवयीमुळे. आपल्याकडे जाहिरात निघते, अर्जाचा नमुना मिळतो, शेवटची तारीख असते आणि आपण अर्ज भरतो. यातल्या बऱ्याच प्लेसमेंटची जाहिरात निघतच नाही. संस्था निवडायची, तिला पत्र लिहायचे, तिच्याकडे कोणते काम पडून आहे हे ओळखायचे आणि ते तीन महिन्यांत करून देण्याची तयारी दाखवायची, हे सगळे विद्यार्थ्यालाच करावे लागते. पुढे जे सांगितले आहे ते बहुतांशी याच कामाविषयी आहे.

आधी आपली अट नेमकी कोणती, ते पाहावे

एकाच प्रयोगशाळेत शेजारी बसणाऱ्या दोघांच्या अटी वेगळ्या असू शकतात. एखाद्या कंपनीच्या सहभागाने ठरलेल्या प्रकल्पावर, म्हणजे ‘केस’ प्रकारच्या विद्यावेतनावर असलेल्या विद्यार्थ्याला सहसा पिप्स करावी लागत नाही. त्याऐवजी त्याला त्या कंपनीत किमान तीन आणि जास्तीत जास्त अठरा महिने, तेही आपल्याच संशोधनाच्या कामासाठी राहावे लागते. दुसऱ्या प्रयोगशाळेत नवे तंत्र शिकायला जाणे ही संशोधन-भेट झाली आणि ती पिप्समध्ये धरली जात नाही. कंपनीच्या प्रयोगशाळेतील वेगळ्या विषयाचे काम चालते की नाही, हे प्रत्येक पार्टनरशिप आपापल्या परीने ठरवते. सीमारेषेवरचे काम डोक्यात असेल तर प्लेसमेंट अधिकाऱ्याला आधीच ईमेलने विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

वेळ: उलटीकडून मोजणी

दुसऱ्या वर्षाचा उत्तरार्ध ते तिसऱ्या वर्षाचा मध्य हा काळ बहुतेकांना मानवतो. पहिल्या वर्षी प्रयोगाला अजून आकार आलेला नसतो, तर चौथ्या वर्षी प्रबंध लिहिण्याच्या भीतीने मन कशातच लागत नाही. मात्र केवळ वर्ष ठरवून भागत नाही, कारण प्रत्येक प्रयोगाचा स्वतःचा ऋतू असतो. ब्रिटनमध्ये हिवाळी गहू शरद ऋतूत पेरतात आणि कापणी पुढच्या ऑगस्टच्या आसपास होते, म्हणून शेतातील चाचण्या करणाऱ्याने जून ते ऑगस्ट हे महिने प्लेसमेंटला देऊ नयेत. प्रथिनांच्या रचनेवर काम करणाऱ्याला ऑक्सफर्डशायरमधील डायमंड सिंक्रोट्रॉन या तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावरचा वेळ सहा-सहा महिन्यांच्या फेऱ्यांमध्ये मिळतो, तेव्हा त्या तारखा आधी वहीत लिहाव्यात. उंदरांच्या किंवा माशांच्या वंशावळी सांभाळणाऱ्यांनी तीन महिने त्यांची देखभाल कोण करणार हे ठरवल्याशिवाय कोणालाही तारीख देऊ नये.

सुरुवातीची तारीख ठरली की तिथून मागे यावे. दहा-बारा महिने आधी क्षेत्र निवडून संस्थांची यादी करावी, सहा ते आठ महिने आधी पत्रे जावीत, चार महिने आधी करारावर काम सुरू व्हावे. ज्यांची निवड स्पर्धेतून होते त्या जागांना हे वेळापत्रक लागू पडत नाही, कारण तिथे वर्षातून एकदाच अर्ज मागवले जातात आणि प्रत्यक्ष काम पुढच्या वर्षी असते. अशा जागेवर डोळा असेल तर पहिल्या वर्षाच्या अखेरीसच तिची तारीख शोधून ठेवावी.

कोणते काम निवडावे

स्पर्धेतून मिळणाऱ्या जागांपैकी सर्वांत परिचित म्हणजे यूकेआरआयच्या धोरणविषयक इंटर्नशिप. तीन महिने एखाद्या सरकारी खात्यात, रॉयल सोसायटीसारख्या विद्वत्संस्थेत किंवा ब्रिटिश संसदेच्या ‘पोस्ट’ या विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालयात काम करता येते. पोस्टची स्थापना १९८९ साली झाली. तिथे गेलेला विद्यार्थी बहुधा एका विषयावर ‘पोस्टनोट’ तयार करतो. खासदारांना वेळ नसतो हे गृहीत धरून ही टिपणे साधारण चार पानांत बसवलेली असतात, आणि त्या चार पानांसाठी संशोधक, उद्योजक, स्वयंसेवी संस्था आणि सरकारी अधिकारी अशा अनेकांच्या मुलाखती घ्याव्या लागतात. पोस्टनोटने कोणतीही शिफारस करायची नसते, फक्त पुरावा आणि मतभेद मांडायचे असतात. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी ‘यावरून असे सिद्ध होते की’ लिहायची सवय लागलेल्या माणसाला ही शिस्त सुरुवातीला फार जड जाते.

अर्जाबरोबर धोरणविषयक छोटे टिपण लिहून मागितले, तर त्यासाठी आपल्या प्रबंधाचा विषय निवडण्याचा मोह टाळावा. परीक्षकाला आपले ज्ञान तपासायचे नसते, अनोळखी विषय नेमक्या शब्दांत मांडता येतो का हे त्याला पाहायचे असते. मी असे पहिले टिपण लिहिले तेव्हा दोन पानांत चाळीसच्या आसपास संदर्भ कोंबले होते. एका जाणत्या सहकाऱ्याने ते वाचून इतकेच विचारले, ‘मंत्र्याने सोमवारी सकाळी काय करावे असे तुझे म्हणणे आहे?’ माझ्याकडे उत्तर नव्हते.

धोरणाखेरीज पुष्कळ वाटा आहेत. पेटंटच्या कार्यालयांत एखाद्या शोधाचे दावे कसे लिहितात आणि ते कसे मोडून काढतात, हे जवळून पाहायला मिळते. शब्दांच्या अर्थावर तासन्‌तास वाद घालण्याची आवड असणाऱ्यांनी हे क्षेत्र जरूर पाहावे. विज्ञान-नियतकालिकांच्या संपादकीय विभागात निबंध स्वीकारण्यामागचे आणि नाकारण्यामागचे व्यवहार कळतात. अन्न आणि औषधे यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्था, रुग्णांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्था, वनस्पती-उद्याने, संग्रहालये, शाळा, लहान जैवतंत्रज्ञान कंपन्यांचे व्यवसाय-विभाग या सगळ्या ठिकाणी प्रयोग न करणाऱ्या पण विज्ञान समजणाऱ्या माणसाची गरज असते. निवड करताना ‘सीव्हीवर कोणते नाव शोभेल’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. ज्या कामाविषयी आपले कुतूहल आहे पण ते आपल्याला रोज करायला आवडेल की नाही याची खात्री नाही, तेच काम घ्यावे. ते आवडले नाही तरी तीन महिन्यांतच कळते. नोकरी धरल्यावर कळण्यापेक्षा हे बरे.

प्लेसमेंट भारतात करता येते का, असा प्रश्न नेहमी येतो. काही पार्टनरशिप परदेशातील प्लेसमेंटला पूर्वपरवानगीने मान्यता देतात, काही देत नाहीत. मान्यता मिळत असेल, तर पुण्यातील बायफसारखी शेती आणि पशुपालनात काम करणारी संस्था, मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र किंवा १९६६ पासून मराठीतून विज्ञानप्रसार करणारी मराठी विज्ञान परिषद, अशा ठिकाणी विचारून पाहण्यास हरकत नाही. तिथे ब्रिटिश पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी ठरलेली योजना असेल असे मात्र गृहीत धरू नये. काम, मुदत आणि देखरेख करणारी व्यक्ती हे सगळे पत्रव्यवहारातूनच जुळवावे लागते. आणि प्लेसमेंटच्या नावाखाली लग्नसराईला घरी जाण्याचा बेत असेल, तर त्यासाठी रजा घ्यावी.

पत्र कसे लिहावे

पन्नास संस्थांना एकच मजकूर पाठवला तर एकही उत्तर येत नाही. आठ-दहा संस्थांना वेगवेगळी पत्रे लिहिली तर दोन-तीन ठिकाणी बोलणे सुरू होते. ‘माहिती विभाग’ किंवा ‘मनुष्यबळ विभाग’ अशा सामायिक पत्त्यावर पाठवलेले पत्र तिथेच राहते, म्हणून ज्या गटात काम करायचे आहे त्याच्या प्रमुखाला लिहावे. मजकूर इंग्रजीत असणार, पण त्याचा गाभा साधारण असा असावा:

‘मी अमुक विद्यापीठात वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांवर पीएच.डी. करत असून सध्या दुसऱ्या वर्षात आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मला पुढच्या जानेवारी ते मार्च या काळात प्रयोगशाळेबाहेरच्या कामाचा अनुभव घ्यायचा आहे. या काळात माझे विद्यावेतन चालू राहते, त्यामुळे आपल्यावर पगाराचा भार पडणार नाही. आपण शेतकऱ्यांसाठी काढलेली बियाणे-साठवणुकीची माहितीपत्रके मी वाचली. त्यांतील जुनी आकडेवारी तपासून नव्याने मांडण्याचे काम मी तीन महिन्यांत पूर्ण करू शकेन असे वाटते. पुढच्या पंधरवड्यात वीस मिनिटे बोलता येईल का?’

यात विद्यावेतनाचे वाक्य सर्वांत उपयोगी आहे आणि नवखे विद्यार्थी नेमके तेच विसरतात. फुकट काम मागणारा उमेदवार आणि सार्वजनिक निधीवर येणारा प्रशिक्षित संशोधक यांत संस्थेच्या लेखी फार मोठा फरक असतो. ब्रिटनमधील उच्च शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग म्हणून केलेल्या, एक वर्षाहून कमी मुदतीच्या प्लेसमेंटला तिथला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. त्यामुळे पगार न देता ठेवून घेतले तर आपण अडचणीत येऊ, ही छोट्या संस्थांना वाटणारी भीतीही दूर करता येते.

सोबतचा सीव्ही दोन पानांचा असावा. जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि फोटो असलेला आपल्याकडचा बायोडेटा तिथे विचित्र दिसतो. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारे पत्रही तसेच. पदवीनुसार डॉक्टर किंवा प्रोफेसर लिहावे, आणि समोरून पहिल्या नावाने उत्तर आले की आपणही पहिल्या नावावर यावे. आपल्या वळणाला हे उद्धट वाटते, तिथल्यांना वाटत नाही. दहा-बारा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा, आणि एकदाच, चार ओळींची आठवण पाठवावी.

मार्गदर्शकाशी बोलणे

बहुतेक मराठी विद्यार्थ्यांची खरी अडचण इथे असते. सरांना आवडणार नाही, या धास्तीने विषय महिनोन्‌महिने काढला जात नाही. वास्तविक तीन महिन्यांची ही मुदत चार वर्षांच्या निधीत आधीच धरलेली असते आणि निधी स्वीकारताना विद्यापीठाने ती मान्य केलेली असते. त्यामुळे आपण सवलत मागत आहोत अशा सुरात बोलण्याचे कारण नाही. पण आपले काम तीन महिने थांबल्याने कोणाचा तरी शोधनिबंध अडणार आहे, ही मार्गदर्शकाची चिंता खरी असते आणि तिला उत्तर द्यावे लागते. म्हणून भेटीला जाताना एक पानाचा आराखडा न्यावा. जाण्यापूर्वी कोणते प्रयोग संपतील, कोणते मुद्दाम थांबवले जातील, नमुने कोणत्या फ्रीझरच्या कोणत्या खणात आहेत, कोणत्या पेशी गोठवल्या आहेत, परतल्यावर पहिले दोन आठवडे काय होईल, हे सगळे त्यात असावे. बोलणे झाल्यावर ठरलेल्या तारखा ईमेलने कळवाव्यात, म्हणजे पुढे कोणाची आठवण कोणाहून वेगळी ठरत नाही.

एक गोष्ट स्पष्टपणे नाकारावी लागते. ‘दिवसा प्लेसमेंट कर, संध्याकाळी आणि शनिवारी लॅबमध्ये ये’ अशी सूचना हसत-हसत केली जाते. ती मान्य केली तर दोन्ही कामे अर्धवट होतात. नम्रपणे, पण लगेच, हे शक्य नाही असे सांगावे. अवघड वाटले तर पार्टनरशिपच्या कार्यालयाचा आधार घ्यावा, ते त्यासाठीच असते.

व्हिसा, तपासण्या आणि करार

स्टुडंट व्हिसावर असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची जी मर्यादा या व्हिसावर असते, तिच्यात पूर्णवेळ प्लेसमेंट बसत नाही. अभ्यासक्रमाचा अविभाज्य आणि मूल्यमापन होणारा भाग असलेल्या प्लेसमेंटसाठी मात्र वेगळी तरतूद आहे. तेव्हा आपली प्लेसमेंट या तरतुदीत बसते, असे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाकडून लेखी घ्यावे. आपण कुठे आणि किती काळ काम करणार हे विद्यापीठाला गृहखात्याला कळवावे लागते, म्हणून पत्ता आणि तारखा ठरल्याबरोबर कक्षाला द्याव्यात आणि मध्ये काही बदलले तर तेही त्याच दिवशी सांगावे. पीएच.डी. विद्यार्थ्याला पदवीच्या मुलांसारखी उन्हाळ्याची सुट्टी नसते, त्यामुळे ‘जूनमध्ये तर सगळे पूर्णवेळ काम करतात’ हे त्याच्या बाबतीत खरे नाही. शिवाय या व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही. एखाद्या नवउद्योगाने ‘फ्रीलान्सर म्हणून बिल दे’ असे सुचवले तर रक्कम कितीही लहान असली तरी नकार द्यावा.

सरकारी आणि संसदीय जागांसाठी सुरक्षा-तपासणी होते. तिला वेळ लागतो आणि काही ठिकाणी ब्रिटनमध्ये ठरावीक वर्षे वास्तव्य झालेले असण्याची अटही असते. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याने अर्जावर चार आठवडे खर्च करण्यापूर्वी ही अट पाहावी. शाळेत किंवा मुलांबरोबर काम असेल तर डीबीएस ही पार्श्वभूमी-तपासणी लागते, आणि परदेशातून आलेल्यांकडून मायदेशातील पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागितले जाऊ शकते. भारतीय नागरिकाला त्यासाठी भारतीय उच्चायोगाच्या यंत्रणेतून अर्ज करावा लागतो, म्हणून हे काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नये.

करार सहसा विद्यापीठ, यजमान संस्था आणि विद्यार्थी या तिघांत होतो. त्यात तारखा, ठिकाण, कामाचे तास, देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव, विमा, गोपनीयता आणि केलेल्या कामाची मालकी या गोष्टी आल्या पाहिजेत. गोपनीयतेच्या कलमाचा मसुदा विद्यापीठाच्या करार-विभागाला दाखवल्याशिवाय सही करू नये. आपल्या प्रबंधातील अप्रकाशित निष्कर्षांवर यजमानाचा हक्क सांगितला जाईल अशी मोघम वाक्ये काही नमुन्यांत असतात, आणि ती बदलून मागितल्यास बहुधा बदलून मिळतात.

पैशाचा हिशेब थोडक्यात असा. २०२५-२६ सालासाठी यूकेआरआयचे किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड ठरले होते, आणि विद्यावेतन प्लेसमेंटच्या काळातही मिळत राहते. ते करमुक्त असते, पगार नसतो. यजमानाने पगार देऊ केला तर दोन्ही एकत्र घेता येतील असे धरून चालू नये, आधी विचारावे. खरा खर्च घरभाड्याचा असतो. नॉरिचमधील खोली सोडता येत नाही आणि लंडनमध्ये दुसरी घ्यावी लागते, अशी स्थिती आली तर प्रवास आणि निवासासाठी पार्टनरशिपकडे वेगळा निधी आहे का हे पाहावे. घरमालकाची परवानगी घेतल्याशिवाय खोली कोणाला पोटभाड्याने देऊ नये. पूर्णवेळ विद्यार्थ्याचे वय पंचविशीच्या पुढे असले तरी त्याला १६-२५ वयाचे रेलकार्ड काढता येते आणि बहुतेक तिकिटांवर एक-तृतीयांश सवलत मिळते. हे अनेकांना शेवटपर्यंत माहीत नसते.

तिथे गेल्यावर

पहिल्या आठवड्यातच देखरेख करणाऱ्या व्यक्तीबरोबर बसून तीन महिन्यांच्या शेवटी कोणती एक पूर्ण झालेली वस्तू हाती असेल ते ठरवावे. अहवाल, प्रदर्शनाचा एक विभाग, माहितीसंच, धड्यांची मालिका, काहीही चालेल, पण तिला शेवट असावा. ‘जमेल तशी मदत’ असे काम स्वीकारले की महिन्याभरात आपण बैठकांचे इतिवृत्त लिहू लागतो. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीसही काम हाती आले नसेल किंवा फक्त कागद लावून ठेवण्याचे काम मिळत असेल, तर आधी त्या व्यक्तीशी आणि नंतर प्लेसमेंट अधिकाऱ्याशी बोलावे. दहाव्या आठवड्यात केलेल्या तक्रारीने कोणाचेच भले होत नाही. माझ्या एका मैत्रिणीने संकोचापोटी अकरा आठवडे गप्प राहून बाराव्या आठवड्यात सगळे सांगितले, आणि तिच्या वाट्याला फक्त सहानुभूती आली.

कामाचा वेग हा सर्वांत मोठा धक्का असतो. प्रयोगशाळेत एका आकृतीसाठी चार महिने लागले तरी कोणी विचारत नाही. इथे दुपारी प्रश्न येतो आणि उद्या सकाळी एक पान हवे असते, त्यातले सत्तर टक्के खात्रीचे आणि उरलेले कितपत खात्रीचे आहे हे स्पष्ट लिहिलेले. संशोधकाला हे अप्रामाणिक वाटू शकते, पण अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणाऱ्याला ती माहिती किती अपुरी आहे हे नेमके सांगणे हेही कौशल्य आहे आणि ते इथेच शिकता येते. दर शुक्रवारी दहा ओळींची नोंद लिहावी, म्हणजे शेवटी द्यायचा अहवाल आठवणीतून खेचून काढावा लागत नाही. रजा आणि आजारपण यजमान आणि विद्यापीठ या दोघांनाही कळवावे.

ब्रिटनबाहेर असाल तर

अमेरिकेत एनएसएफ या सरकारी विज्ञान-निधी संस्थेच्या अनुदानावर असलेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यासाठी मार्गदर्शक ‘इंटर्न’ नावाचा पुरवणी निधी मागू शकतो. त्यातून सहा महिन्यांपर्यंतचे बिगर-विद्यापीठीय काम आणि कमाल ५५,००० डॉलर इतकी तरतूद होऊ शकते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अशा कामासाठी सीपीटी ही शिक्षण चालू असताना काम करण्याची परवानगी लागते, आणि पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा त्याहून अधिक झाली तर त्या पातळीवरच्या पदवीनंतर मिळणारी ओपीटी ही कामाची परवानगी गमावली जाते, हे लक्षात ठेवावे. युरोपीय संघाच्या निधीवर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कमध्ये विद्यार्थ्याला एकूण मुदतीच्या एक-तृतीयांशापर्यंत काळ दुसऱ्या संस्थेत पाठवता येते. आणि भारतातच राहून पुण्याच्या एनसीएल या रसायनशास्त्राच्या किंवा दोना पावलाच्या एनआयओ या समुद्रविज्ञानाच्या संस्थेत सीएसआयआरशी जोडलेल्या अकादमीची, म्हणजे अ‍ॅकसिरची पीएच.डी. करणाऱ्यांना ‘सीएसआयआर-८००’ हा ग्रामीण भागाशी निगडित काही आठवड्यांचा प्रकल्प करावा लागतो. त्याचा विषय निवडतानाही वर सांगितलेली रीत, म्हणजे आधी गरज पाहणे आणि मग काम मागणे, लागू पडते.

परतताना

शेवटच्या आठवड्यात यजमानाकडून मूल्यमापनाचा अर्ज भरून घ्यावा, कारण आपण गेल्यावर तो कोणाच्याही प्राधान्यक्रमात राहत नाही. पुढे नोकरीच्या वेळी संदर्भासाठी नाव देऊ का, हे त्याच वेळी विचारावे. केलेल्या कामातील कोणता भाग सार्वजनिकरीत्या दाखवता येईल, याचेही लेखी उत्तर घ्यावे. विद्यापीठात परतलात की आंतरराष्ट्रीय कक्षाला परतल्याची तारीख कळवावी, पार्टनरशिपला अहवाल द्यावा आणि मगच लॅबमध्ये जावे. तिथे पहिल्या दिवशी नवा प्रयोग मांडू नये. उणे ऐंशीच्या फ्रीझरमधला आपला खण उघडून डबे यादीप्रमाणे जागच्या जागी आहेत का ते पाहावे आणि पेशींची एकच कुपी वितळवून त्या जिवंत आहेत की नाहीत याची खात्री करून घ्यावी.